तुमचा फोन कधी, कुठे, कसा तापला? अनुभव सांगा

गोदाकाठी
काल आईने मावशीशी व्हिडिओ कॉल संपवून फोन माझ्या हातात दिला आणि चटकाच बसला. तव्यावरून उतरवल्यासारखा. कॉल चालू, वर चार्जर लावलेला, जाडजूड कव्हर, आणि बसली कुठे तर गॅलरीत उन्हात. आईचं म्हणणं, "अगं विषयच तसा होता."

त्यावरून २०१५ चा सिंहस्थ आठवला. राखीपौर्णिमेचं शाही स्नान. बाबा आणि मी गर्दीत वेगळे झालो. एप्रिलसारखं ऊन काही नव्हतं, फोन नुसता पर्समध्ये पडून होता, तरी भयंकर तापलेला. रेंजच्या काड्या दिसायच्या पण कॉल लागेना. बॅटरी दुपारपर्यंत खलास. शेवटी हरवले-सापडलेच्या भोंग्यावर माझं नाव ऐकलं, तेही चुकीच्या आडनावाने. फोन वापरत नसताना का तापला, हे कोडं मला बरेच दिवस होतं. तुमचे अनुभव लिहा, उपायही लिहा. पुढचा सिंहस्थ आलाच आहे.

मेनरोडकर
पहिला मी! कुकर लावलाय, सविस्तर नंतर.

पंचवटीचा पासधारक
कोडं सोपं आहे. टॉवर लांब असला किंवा रेंज धड मिळत नसली की फोन जास्त ताकदीने सिग्नल फेकतो आणि सारखा शोधत राहतो. गर्दीत कॉल लागत नाही म्हणून आपणही पुन्हा पुन्हा लावतो, त्याची भर. आम्ही पंचवटी एक्स्प्रेसवाले हे रोज बघतो. इगतपुरी सुटली की घाट, बोगदे, रेंज येते-जाते. कसारा येईपर्यंत खिसा गरम. मी इगतपुरीला विमान मोड टाकतो, कसाऱ्याला काढतो. बॅटरीही वाचते आणि बॉसचा फोनही येत नाही 😄

चहाबाज
इगतपुरीला वडा खायचा सोडून विमान मोड कसले टाकता राव.

पंचवटीचा पासधारक
वडा एका हातात, विमान मोड दुसऱ्या हातात.

द्राक्षबाग निफाड
आमचं काम उन्हातच. वेलीवर भुरी की डावणी, कोणता रोग हे कळायला पानाचे फोटो काढून सल्लागाराला पाठवायचे, व्यापाऱ्याला घडांचा व्हिडिओ दाखवायचा. मार्चमध्ये स्क्रीन एकदम अंधारून जायची. ब्राइटनेस फुल केला तरी काही दिसेना. तालुक्याच्या एका दुकानदाराने डिस्प्ले गेला सांगून बदलायचा भाव पण काढला. पोराने घरी येऊन बघितलं तर संध्याकाळी चकाचक! फोन तापला की तो स्वतःच उजेड कमी करतो म्हणे, जीव वाचवायला. डिस्प्लेचे पैसे वाचले. आता फोन ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवत नाही, वेलीच्या सावलीत रिकाम्या क्रेटमध्ये ठेवतो. या वर्षी भावाचं काय, कोणी पिंपळगावकडचं आहे का इथे?

सिडको रिपेअरिंग
दादांनी लिहिलं ते बरोबर. फोन तापला की आधी ब्राइटनेस उतरतो, मग चार्जिंग हळू होतं किंवा थांबतं, फ्लॅश बंद, गेम अडखळायला लागते, शेवटी इशारा येऊन बंदच. बिघाड नसतो तो, बचाव असतो. ॲपल स्वतः लिहितं की आयफोन ० ते ३५ अंश हवेत वापरायचा. आता नाशकात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो, म्हणजे दुपारी बाहेर पडलं की मर्यादा संपलीच. बंद गाडीत तर विचारूच नका.

दुकानात येणारे बहुतेक फोन मात्र उन्हाने नाही, चार्जरने तापलेले असतात. रस्त्यावरचा स्वस्त चार्जर, पिनमध्ये कचरा नाहीतर ओल. आणि मागचं झाकण उचललं गेलं असेल, स्क्रीन कडेने वर आली असेल तर बॅटरी फुगली आहे. दाबून बसवू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. फोन बंद करून सरळ घेऊन या. फुगलेली बॅटरी घंटागाडीत टाकणारे पण बघितलेत. अहो, गाडीत दाबली गेली की पेट घेईल ती. गिऱ्हाईक आलं, बाकी रात्री.

सुगरण सातपूर
आमच्या जाऊबाईंनी फोन फ्रीजरमध्ये ठेवला होता. मटारच्या पिशवीशेजारी. आणि विसरल्या. सगळं घर फोन शोधतंय, रिंग द्यावी तर फ्रीजमधून बारीक आवाज. बाहेर काढला तर सगळीकडून घाम फुटलेला. त्यानंतर स्पीकरमधून सगळे सर्दी झाल्यासारखे बोलायचे.

मेनरोडकर
😂😂 मटारचं काय झालं?

सुगरण सातपूर
मटार उत्तम. उसळ केली.

सिडको रिपेअरिंग
हसू नका, दर उन्हाळ्यात अशी केस येते. एकदम गार केलं की आतल्या बाजूला पण पाणी धरतं. फ्रीज नको, बर्फ नको, माठावर पण नको. चार्जर काढा, कव्हर काढा, फोन बंद करून पंख्याखाली उघडा ठेवा. बस.

हँडलवरचा फोन
जेवण पोचवायचं काम करतो, गंगापूर रोड ते अंबड कुठेही. मॅप चालू, डेटा चालू, ब्राइटनेस फुल, पॉवर बँक लावलेली, वरून दुपारचं ऊन. तुम्हीच सांगा फोनने काय करायचं. एकदा ऑर्डर हातात आणि फोन बंद. पत्ता फोनमध्ये. ग्राहकाचा नंबर पण फोनमध्ये. झाडाखाली उभा राहिलो, फोनच्या मागच्या बाजूला वारं घालत. पलीकडे बिर्याणी गार होऊन राहिली, इकडे फोन गरम.
आता पहिलं वळण बघून फोन खिशात, एका कानात इयरफोन, रस्ता ऐकत जातो. स्क्रीन बंद राहते, बराच फरक पडतो. पॉवर बँक फक्त सावलीत थांबल्यावर. हँडलचा स्टँड तसाही काढलाच, थरथरीने कॅमेऱ्याची वाट लागते, फोटो हललेले येतात.

द्वारकेचा कैदी
भाऊ द्वारका सर्कलला अडकलात की सावली कुठून आणणार?

हँडलवरचा फोन
ट्रकच्या सावलीत. तिथे ट्रकला तोटा नाही भो.

कीबोर्ड कामगार
घरून काम करतो. लाईट गेली की हॉटस्पॉट, त्यावर मीटिंग, आणि फोन चार्जिंगला. हे तिन्ही एकत्र नको. केबलने लॅपटॉपला जोडून इंटरनेट दिलं तरी चालतं पण चार्जिंगही होत राहतं, ते लक्षात ठेवा.

दुसरं, नवा फोन घेतल्यावर किंवा मोठं अपडेट आल्यावर पहिला एखादा दिवस तापतोच. आत फोटोंची छाननी, ॲप उतरवणं चाललेलं असतं. लगेच दुकानात धावू नका. नंतरही तापत राहिला तर सेटिंगमध्ये बॅटरीत जाऊन कोणतं ॲप खातंय ते बघा.

आणि १००% भरलेला फोन गरम जागी पडून राहणं बॅटरीला सगळ्यात वाईट. लिथियम बॅटरी उष्णतेने कायमची झिजते, गार केल्यावर ते भरून येत नाही. बऱ्याच फोनमध्ये ८०% ला थांबायची सोय आहे, लावून टाका.

देवळालीचे काका
आमच्या लहानपणी नाशिकला मे महिन्यातही पंखा लागत नसे. अंगणात बाजा टाकून झोपायचो, पहाटे पांघरूण लागे. फोन काळा, जड, एकाच जागी. तो तापल्याचे स्मरत नाही. बिल बघून वडील तापत.

मेनरोडकर
काका 🙏🙏

दोन पोरांची आई
आमच्याकडे गोधडीत घुसून गेम. चार्जर लावून! पांघरुणात हवा कुठून लागणार, गरम झालेलं गरमच राहतं. ओरडून उपयोग झाला नाही. मग चार्जर स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, ओट्यापासून लांब, फोन तिथेच चार्ज होणार. आता दोघं स्वयंपाकघरात उभं राहून खेळतात. मधल्या मध्ये मटार सोलून मिळतात.

सुगरण सातपूर
इथे पण मटार 😄

चहाबाज
२०१६ मध्ये विमानात घोषणा व्हायची आठवते का, तो बॅटरी पेट घेणारा गॅलक्सी नोट ७ असेल तर बंद ठेवा म्हणून? माझ्या शेजारचे गृहस्थ साधा बटणाचा फोन दाखवून हवाई सुंदरीला विचारत होते, हा चालेल का.

गोदाकाठी
सगळ्यांना धन्यवाद. @पंचवटीचा पासधारक, कोडं सुटलं. आईच्या फोनमध्ये बघितलं, सोळा कौटुंबिक ग्रुप, सगळे व्हिडिओ आपोआप उतरतायत. ते बंद केलं. कव्हर पातळ आणलं. गॅलरी मात्र सोडायला तयार नाही, तिथून समोरच्यांच्या कुरडया दिसतात.

सुगरण सातपूर
अगं कुरडयांवरून आठवलं, आमच्या वन्संना पुण्याला गच्चीवरून लाईव्ह दाखवत होते, फोन पाण्याच्या टाकीला टेकवून. कॉल मध्येच बंद. त्यांना वाटलं चीक बिघडला म्हणून मी कट केला!

दोन पोरांची आई
ताई, गहू तीन दिवस भिजवता ना? माझा चीक या वर्षी लालसर झालाय.

सुगरण सातपूर
हो तीन दिवस, पण पाणी रोज बदलायचं. वाटल्यावर चीक रात्रभर बसू दे आणि वरचं पाणी सगळं काढून टाक. हिंग शिजवताना घाल.

मेनरोडकर
कुकर झाला. आता लिहायला बसलो तर फोन ४%.