शाळा व्यवस्थापन समितीची (शाव्यस) नवी निवड: जुनेच पुन्हा, की सगळे बदलायचे?

कापूसपट्टा
शाळा व्यवस्थापन समितीची मुदत 2 वर्षांची. ती संपली की आपल्याकडच्या बहुतेक जि. प. शाळांत काय होतं? त्याच चार-पाच घरांतली नावं फिरून येतात आणि बाकीचे पालक 15 ऑगस्टला झेंड्यापुरते दिसतात. शिक्षण हक्क कायदा 2009 म्हणतो: समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. 16 जणांच्या समितीत 12 पालक, 8 बाया. कागदावर हे भरतं, पण बैठकीचं रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या घेतल्या जातात.

माझं मत स्पष्ट आहे. या वेळी किमान दोन-तृतीयांश पालक नवे घ्या. निवड एकगठ्ठा नको, वर्गवार करा. चौथीपर्यंतच्या शाळेत चौथीच्या पालकांना घेऊच नका, कारण निकाल लागला की लेकरू शाळेतून जातं आणि जागा रिकामी होते. पहिलीतून 5, दुसरीतून 4, तिसरीतून 3 असं धरा.

आणि प्रत्येकाला एकच ठरलेलं काम द्या. उदाहरणार्थ पोषण आहार. पाचवीच्या आतल्या लेकराला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ. म्हणजे 60 हजर असतील तर 6 किलो तांदूळ आणि 1 किलो 200 ग्रॅम डाळ. आठवड्याला एका आईनं शिजवण्याआधी वजन बघायचं, वाढण्याआधी चव घ्यायची आणि रजिस्टरमध्ये स्वतः लिहायचं. ज्या माणसाला काम असतं तो येतो. नुसत्या सहीसाठी कोण रोजी बुडवेल?

खडूफळा
भाऊ, आहाराचं पटलं. दोन-तृतीयांश नवे, हे मात्र चालणार नाही. 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाला 25,000 रुपयांपर्यंत संयुक्त अनुदान येतं. त्यातलं किमान 10 टक्के स्वच्छतेवर लागतं. बिल, पावती, ठराव क्रमांक आणि कॅशबुकातली नोंद यांचा मेळ बसला नाही तर ऑडिटमध्ये आक्षेप निघतो आणि उत्तर मुख्याध्यापकाला द्यावं लागतं. हे समजायला नव्या माणसाला सहज एक वर्ष लागतं. त्यातही पहिलीचे पालक तर शाळेलाच नवे. निम्मे जुने ठेवा.

धानाचं_गाव
दोघंही वेळेबद्दल बोलून नाही राहिले, खरी अडचण तिथंच आहे. सकाळी 11 ची बैठक म्हणजे बाईची दिवसाची मजुरी गेली. आमच्या भंडारा-गोंदियाकडं जुलै-ऑगस्टात रोवणी असते, तेव्हा कोणी येणार नाही. तुमच्याकडं ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, मागोमाग कापसाची वेचणी. नवीन घ्या की जुने घ्या, या महिन्यांत 11 वाजता खुर्च्या रिकाम्याच राहतील. सायंकाळी 7 ला समाजमंदिरात बसा.

खडूफळा
सायंकाळी 7 ला सचिव कुठून आणणार? मुख्याध्यापक हेच समितीचे सचिव. बरेच शिक्षक तालुक्याहून येणं-जाणं करतात, शेवटची एसटी त्याआधीच जाते. त्यांच्याशिवाय घेतलेला ठराव टिकत नाही.

माता_गट
सर, 7 ला बायांचा स्वयंपाक असतो, हेही लक्षात घ्या. त्यापेक्षा दोन बैठका वेगळ्या करा. मोहल्ल्यातल्या 6-7 आयांनी आपल्याच अंगणात जेवणं झाल्यावर अर्धा तास बसावं, ठराव नाही, रजिस्टर नाही. दोनच गोष्टी ठरवाव्या: लेकराला वाचता येते का, आणि शाळेला काय विचारायचं. 2022 पासून 'पहिले पाऊल' या सरकारी उपक्रमाच्या शाळापूर्व तयारी मेळाव्यांतून असे माता गट बनले आहेत, ते मेळाव्यानंतर विसरू नका. अधिकृत बैठक शनिवारी घ्यावी. सकाळची शाळा असते, सुटल्याबरोबर बसता येते.

निरोप व्हॉट्सअॅपवर टाकून भागत नाही. मोबाईल घरधन्याच्या खिशात असतो. लेकराच्या वहीत चिठ्ठी आणि आदल्या सायंकाळी ग्रामपंचायतीचा भोंगा, दोन्ही पाहिजे. चिठ्ठीत विषय लिहा. "बैठक आहे, यावे" एवढं वाचून लोकांना वाटते वर्गणी मागणार. मजुरी करणारं घर याच भीतीनं येत नाही.

कापूसपट्टा
ताईंचं शंभर टक्के बरोबर. वर्गणीचा विषय समितीच्या पहिल्या तीन बैठकांत काढूच नये, असा ठरावच घ्या. आयांच्या अंगणातल्या बैठकीत निघालेले दोन मुद्दे शनिवारच्या विषयपत्रिकेवर पहिल्या क्रमांकावर असावेत, "ऐनवेळचे विषय" म्हणून शेवटी ढकलू नयेत. नाहीतर महिन्याभरात अंगणातली बैठकही बंद पडेल.

पण खडूफळा सर, हिशोब कठीण आहे म्हणून जुने ठेवा, हे मला मान्य नाही. हिशोब दोनच माणसांना येतो ही समितीची ताकद कशी? उलट तेच तिचं दुखणं. शिवाय अध्यक्षपद ग्रामपंचायत निवडणुकीची तयारी म्हणून वापरलं जातं, ते जुनी नावं ठेवल्यानं आणखी पक्कं होतं.

खडूफळा
राजकारणाचं खरं आहे. तरी नव्या समितीवर कोरं कॅशबुक सोपवणं धोक्याचंच. मी निम्म्यावर ठाम आहे. मात्र निवडीच्या पालकसभेत, नावं सुचवण्याआधी, जुन्या अध्यक्षानं जमा, खर्च आणि शिल्लक मोठ्यानं वाचावी, पासबुकाची झेरॉक्स भिंतीवर लावावी आणि तांदळाचा साठा पोत्यांसह मोजून द्यावा. हे झालं नाही तर निवड पुढं ढकला, पण हिशोबाशिवाय करू नका.