डोटा २ – एकट्याने क्यू लावणाऱ्यासाठी कॅरी हीरो कोणते? मदत हवी आहे

खाडीपलीकडचा

नमस्कार मंडळी,

मी कळव्याला राहतो, नोकरी ऐरोलीला. डोटा २ मध्ये (पाच विरुद्ध पाच जणांचा ऑनलाइन खेळ) सध्या क्रुसेडर ४ या रँकवर आहे आणि मे महिन्यापासून तिथून हललेलो नाही. एकट्याने रँक्ड खेळताना कॅरी म्हणून, म्हणजे गोल्ड जमवून शेवटी मॅच जिंकून देणारा म्हणून, कोणते दोन-तीन हीरो (पात्रं) धरून बसावं, एवढाच प्रश्न आहे. पण माझी परिस्थिती सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंजिनीअरिंगला असताना आम्ही पाच जण ठाण्यात गोखले रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका कॅफेत खेळायचो. तेव्हा डोटा २ नव्हताच, वॉरक्राफ्ट ३ वर चालणारा जुना डोटा होता. पाचही मशीन एका ओळीत. मी कायम कॅरी, आणि डावीकडे बसणारा मित्र कायम माझा सपोर्ट, म्हणजे मला सांभाळणारा. "मागे हो" म्हणायला त्याला मान वळवावी लागायची नाही, माझ्या खुर्चीला पाय मारला की मला कळायचं. आता दोघे परदेशात आहेत, एक पुण्यात, आणि तो सपोर्टवाला मित्र रात्रपाळीत. वर्षातून एकदा पाचही जण ऑनलाइन आलो तरी खूप झालं.

त्यामुळे एकट्यानेच खेळतो. रात्री दहा ते बारा, म्हणजे फार तर दोन मॅच. भारताच्या सर्व्हरवर त्या वेळी क्यूमध्येच (मॅच मिळायची वाट बघण्यातच) वेळ जातो म्हणून सिंगापूरचा घेतो. तिथे बाकीचे चौघे कोणत्या देशातले आणि कोणत्या भाषेत बोलतील याचा नेम नाही. शिवाय मला माइक वापरता येत नाही. घर वन बीएचके आहे, तीन वर्षांची मुलगी त्याच खोलीत झोपलेली असते. पिंग (नकाशावर दिलेली खूण) आणि चॅट व्हील (ठरावीक तयार वाक्यं) एवढंच माझं बोलणं.

सध्या मी स्पेक्टर आणि अँटी-मेज खेळतो. दोन्ही माझे लाडके. शेवटी सहा आयटम (गोल्डने घ्यायची शस्त्रं-साधनं) झाले की एकटा मॅच फिरवू शकतो, हा अनुभव आहे. पण तिथपर्यंत पोचतच नाही. गेल्या रविवारची मॅच सांगतो. स्पेक्टर होतो. पहिल्या दहा मिनिटांत ३८ लास्ट हिट (वाटेने आपोआप चालत येणारे सैनिक म्हणजे क्रीप, त्यांना शेवटचा घाव घातला की गोल्ड मिळतं). सपोर्ट चौथ्या मिनिटाला आमची लेन (नकाशावरची वाट) सोडून मिडला, मधल्या लेनला गेला तो परत आलाच नाही. तरीही सावरलो. चौतिसाव्या मिनिटाला हाँट हा स्पेल टाकून त्यांचे चार जण मारले, माझ्याकडे रेडियन्स आणि मँटा हे आयटम. बटरफ्लायला नऊशे गोल्ड कमी पडत होते म्हणून जंगलात तीन कॅम्प (तिथल्या प्राण्यांचे गट, मारले की गोल्ड) मारायला गेलो. तेवढ्यात आपले चौघे त्यांच्या हाय ग्राउंडवर (तळाच्या उंच भागात) घुसले आणि एकामागून एक मेले. पुढच्या दहा मिनिटांत मॅच गेली. अशा मॅच आठवड्यातून तीन-चार होतात.

म्हणून विचारतो, टीमवर कमीत कमी अवलंबून असलेला, एकट्याने खेचून नेणारा कॅरी कोणता? मीपो किंवा ब्रूडमदर सुचवू नका, एकाच वेळी चार-पाच युनिट सांभाळायला हात तेवढा चालत नाही. आणखी एक. पावसात आमच्याकडे लाईट गेली की राऊटर बंद पडतो आणि दोनदा त्यापायी लो प्रायॉरिटीत (मॅच अर्धवट सोडणाऱ्यांच्या शिक्षेच्या रांगेत) गेलोय. लॅपटॉप बॅटरीवर चालतो. त्यावर काही उपाय असेल तर तोही सांगा.

---

नौपाड्याचा

तो कॅफे मलाही आठवतोय, जिना चढून वर जावं लागायचं तोच ना?

रेथ किंग घे. एकट्याने खेळणाऱ्याला त्याच्याइतका प्रामाणिक हीरो नाही. सुरुवातीला लक्ष ठेवायला एकच स्टन (समोरच्याला क्षणभर जखडणारा स्पेल), लेव्हल ६ ला रीइन्कार्नेशन. एकदा मेलास तरी पुन्हा उभा. माइक नसलेल्या माणसाला याचा फायदा फार मोठा आहे, कारण फाइट कधी सुरू करायची हे कोणाला विचारावं लागत नाही. तू आत शिरलास की टीम आपोआप मागे येते. पहिला मार तू खाणार हे त्यांना दिसतं. त्याचे सांगाडे क्रीपसोबत लेन ढकलतात ते वेगळंच. समोर लांबून मारणारे आणि जवळ येऊ न देणारे हीरो असतील तर ब्लिंक डॅगर (एका झेपेत पुढे नेणारा आयटम) लवकर घे, नाहीतर नुसता चालत राहशील.

दुसरा जगरनॉट. ब्लेड फ्युरी चालू असताना बहुतेक स्पेल लागत नाहीत, म्हणजे पळायला आणि मारायला एकच बटण. हीलिंग वॉर्ड टॉवरजवळ टाकला की क्रीपसुद्धा टिकतात आणि टॉवर पडतात.

राऊटरला मिनी यूपीएस मिळतो, डबीएवढा. माझ्याकडे तीन वर्षं आहे. घेण्याआधी राऊटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट बघ, बहुतेक १२ व्होल्टचा लागतो.

---

घणसोलीकर

माझं मत वेगळं आहे, रागावू नकोस मित्रा.

रविवारच्या मॅचचं जे लिहिलंयस ते मी तीनदा वाचलं. चार जण मेले. चौतिसाव्या मिनिटाला त्या लेव्हलचा हीरो परत यायला मिनिटभराच्या आसपास लागतं. तेवढा वेळ समोर एकच माणूस होता. तुझे चौघे हाय ग्राउंडवर गेले ते बरोबरच गेले. चुकलं ते त्यांच्याबरोबर तू नव्हतास. तू नऊशे गोल्डसाठी जंगलात होतास आणि ते चौघे कॅरीशिवाय बॅरॅक्स (त्यांच्या तळातल्या इमारती) पाडायला गेले होते. तीन कॅम्प मारून बाहेर येईपर्यंत समोरचे उठले.

हे टोचून बोलत नाही. मी दोन वर्षं हेच करायचो. स्पेक्टर आणि अँटी-मेज ही सवय लावतात, कारण दोघांनाही सतत "अजून एक आयटम" हवा असतो. जुन्या ग्रुपमध्ये ते चालायचं. तुझे मित्र तोवर मॅच धरून ठेवायचे, तू तयार होईपर्यंत हाय ग्राउंडवर जायचे नाहीत. अनोळखी चौघे थांबत नाहीत. त्यांना कोण सांगणार?

२०१९ च्या द इंटरनॅशनलमध्ये, म्हणजे डोटाच्या जागतिक स्पर्धेत, शांघायला, ओजी टीमचा आना आयओ हा हीरो कॅरी म्हणून खेळला आणि ओजी सलग दुसऱ्यांदा जिंकली. आयओ तोवर सपोर्टच मानला जायचा. ते चाललं कारण बाकीचे चार जण काय करणार हे त्याला ठाऊक होतं. तोच हीरो आपल्या क्यूमध्ये कॅरी म्हणून उचलला तर पिकिंगमध्येच भांडण होईल.

म्हणून तुझ्यासाठी हीरो निवडताना मी एकच गोष्ट बघेन. विसाव्या मिनिटाला, दोन आयटमवर, हा टॉवर पाडू शकतो का? रेथ किंग हो. जगरनॉट हो. लूना हो, तिचे ग्लेव्ह उड्या मारत जातात म्हणून लेन आणि जंगल दोन्ही झटपट साफ होतं, फक्त अंगाने नाजूक आहे, चुकीच्या जागी उभी राहिली की संपली. उर्सा पण हो. लाइफस्टील (मारताना हेल्थ परत मिळणं) झाला की तो एकट्याने रोशन (नकाशावरचा मोठा राक्षस) मारतो. त्याच्याकडून एजिस (मेल्यावर एकदा परत उठवणारं) हातात आलं की पाच मिनिटं तुझी, त्या पाच मिनिटांत टॉवरकडेच जायचं, दुसरीकडे कुठे नाही.

स्पेक्टर सोड असं म्हणत नाही. पाच मित्र ऑनलाइन येतील त्या दिवसासाठी ठेव.

---

तिसरी_लेन

मी पाच नंबर खेळते, म्हणजे सपोर्ट, तुमच्या लेनमध्ये असते ती. त्या बाजूनेही थोडं ऐका.

सपोर्ट चौथ्या मिनिटाला लेन सोडून गेला यात नेहमी त्याचा आळस नसतो. स्पेक्टरबरोबर लेनमध्ये मी काहीही केलं तरी पहिल्या पाच मिनिटांत किल मिळत नाही. मी समोरच्याला मारायला पुढे जाते आणि कॅरी मागे क्रीपकडे बघत उभा असतो. तीनदा असं झालं की मी दुसरीकडे जाते. जगरनॉट असला तर मी स्लो टाकते, तो फ्युरी लावतो, माणूस मरतो, आणि मग मला लेन सोडावीशी वाटत नाही. तुमच्याकडे माइक नाही, तर तुमचा हीरोच माझ्याशी बोलला पाहिजे.

आणि छोट्या गोष्टी. सुरुवातीला एक टँगो (हेल्थ भरून काढणारा आयटम) मला द्या. मी जंगलातला कॅम्प स्टॅक करत (एका जागी जास्त प्राणी जमवत) असेन तेव्हा त्यावर एक पिंग करा, म्हणजे तुम्ही तो मारणार आहात हे मला कळतं. दर मिनिटाच्या ५३-५५ सेकंदाला मी तिथे जाते, कधीकधी स्वतः मरायची जोखीम घेऊन, आणि कॅरी तिकडे फिरकतच नाही तेव्हा खरंच वाईट वाटतं.

पिकिंगमध्ये पहिल्या फेरीत कॅरी उघड करू नका. आम्ही सपोर्ट आधी घेतो ते त्यासाठीच. रेथ किंग आणि जगरनॉट दोन्ही तयार ठेवा, समोर काय आलंय ते बघून एक घ्या.

---

नौपाड्याचा

घणसोलीकरशी बऱ्याच अंशी सहमत, पण ३८ लास्ट हिट हासुद्धा मोठा मुद्दा आहे, तो कोणी धरला नाही. अर्ध्या मिनिटाला एक वेव्ह (क्रीपची तुकडी), वेव्हमध्ये चार क्रीप, म्हणजे दहा मिनिटांत एका लेनमधून ८० तरी येतात. निम्मेही तू घेत नाहीयेस. आयटम उशिरा होतात त्याचं मूळ इथे आहे.

मुलगी झोपली की पहिली दहा मिनिटं लॉबीत (सरावाच्या खाजगी मॅचमध्ये) एकटा जा, बॉट (कॉम्प्युटर खेळाडू) नको, नुसती लेन. कोणताही आयटम न घेता दहा मिनिटांत ६० चा आकडा गाठायचा. तो आला की क्यू लाव. एक मॅच कमी झाली तरी चालेल.

---

खाडीपलीकडचा

सगळ्यांचे मनापासून आभार. अकरा दिवसांनी लिहितोय, कारण आधी करून बघायचं होतं.

घणसोलीकर, तुझा प्रतिसाद वाचून रिप्ले काढून बसलो. खरं आहे. मी जंगलात दुसरा कॅम्प मारतोय आणि मिनीमॅपवर आपले चार ठिपके त्यांच्या बॅरॅक्ससमोर उभे आहेत. ते थांबले होते. पूर्ण सहा-सात सेकंद थांबून त्यांनी माझ्यावर पिंग केलं होतं. खेळताना मला ते ऐकूच आलं नव्हतं, कारण काही मॅच आधी मी वैतागून सगळ्यांचे पिंग म्यूट करून ठेवले होते आणि विसरून गेलो होतो. ते पाहून फार लागलं मनाला. त्याच रात्री म्यूट काढलं.

नऊ मॅच झाल्या. सहा रेथ किंग, तीन जगरनॉट. सहा जिंकल्या. लॉबीत ५४ पर्यंत पोचलोय, साठ अजून नाही.

काल रात्रीची एक सांगायलाच हवी. रेथ किंग. सव्विसाव्या मिनिटाला मिडला फाइट, मी मेलो, उठलो, त्यांचे तीन पडले. डेसोलेटरला चारशे गोल्ड कमी होते आणि आपल्या जंगलात स्टॅक केलेला कॅम्प दिसत होता. हात तिकडेच चालला होता. मग टॉवरवर पिंग केलं आणि सरळ चालत गेलो. बाकीचे चौघे आले. कोणी काही बोललं नाही, सगळे नुसते आले. टॉवर, मग बॅरॅक्स, तेहतिसाव्या मिनिटाला मॅच संपली. शेवटी आमच्या सपोर्टने त्याच्या भाषेत काहीतरी लिहिलं, मला वाचता आलं नाही, पण त्याने मला कमेंड (शाबासकी) दिलं होतं. बायकोला उठवून सांगावंसं वाटलं, सकाळी सांगितलं.

तिसरी_लेन, टँगो दर मॅचला देतोय. जगरनॉटच्या तीनपैकी दोन मॅचना सपोर्ट दहा मिनिटं लेनमध्ये थांबला. तुम्ही म्हणालात तसंच झालं.

मिनी यूपीएस मागवला आहे, १२ व्होल्टचाच.

एक अडचण उरली आहे. हरलेल्या तीनपैकी दोन मॅचमध्ये समोर लेनला व्हायपर होता आणि रेथ किंगला त्याने उभंच राहू दिलं नाही. मी जवळ जायचं म्हटलं की अर्धा हेल्थबार गेलेला. तिथे काय करायचं?

---

घणसोलीकर

व्हायपरचं नेदरटॉक्सिन (विषाचं डबकं) पॅसिव्ह, म्हणजे आपोआप चालणाऱ्या ताकदी, बंद करतं, म्हणजे त्या हिरव्या डबक्यात उभं राहून तू मारत असशील तर तुझा लाइफस्टील चालतच नाही. डबकं पडलं की क्रीप सोडून द्यायचा आणि बाहेर यायचं, एका क्रीपसाठी तिथे थांबू नकोस. रीइन्कार्नेशन त्याने बंद होत नाही, ती भीती ठेवू नकोस. लेन फारच खराब चालली असेल तर वेव्ह आपल्या टॉवरजवळ येऊ दे, तिथे घे, आणि मधल्या वेळात जवळचा छोटा कॅम्प. पण शेवटच्या फेरीत पिक करत असशील आणि व्हायपर आधीच दिसला असेल तर रेथ किंग घेऊच नकोस, जगरनॉट घे. त्याचा स्लो फ्युरीत सुटतो.

हरलेल्या दोन्ही मॅचचे आयडी टाक इथे. शनिवारी दुपारी मोकळा आहे, पहिली दहा मिनिटं बघून कुठे उभा होतास ते लिहितो.