केसांतून कळलेलं खाणं-पिणं

पुरलेल्या वस्तूंवरून फक्त मरणाचे विधी कळतात, रोजचं खाणं कसं कळणार असं कोणी विचारलं, तर त्यावर एक उदाहरण सांगतो. १९९९ मध्ये अर्जेंटिनातल्या युयायाको ज्वालामुखीच्या माथ्यावर, ६७०० मीटरच्याही वर, इंका काळातली (इंका म्हणजे दक्षिण अमेरिकेतलं जुनं साम्राज्य) बळी दिलेली तीन मुलं सापडली. थंडीने शरीरं जशीच्या तशी राहिलेली. त्यातली मोठी मुलगी साधारण १३ वर्षांची, आणि तिच्या लांब वेण्या म्हणजे अक्षरशः डायरीच आहे, कारण केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो आणि त्या त्या वेळचं खाणं त्यात उतरतं. आधी बटाट्यासारखं साधं जेवण, मग मरणाच्या वर्षभर आधी अचानक मका आणि मांस असं तिथं मानाचं समजलं जाणारं खाणं सुरू, त्याच सुमारास कोका या उत्तेजक झाडाची चघळायची पानंही वाढली आणि शेवटच्या काही आठवड्यांत चिचा म्हणजे मक्याची दारू खूपच वाढली. तोंडात कोकाच्या पानांचा तोबरा तसाच होता. म्हणजे तिचा विधी डोंगरावर नाही, वर्षभर आधी ताटातच सुरू झाला होता. हे वाचलं तेव्हा मला खरंच गलबलून आलं, एवढीशी पोर हो ती.