मदत हवी आहे: शाहिराच्या आवाजासाठी हार्डवेअर कंप्रेसर घ्यावा, की प्लगइनवरच भागवावं? (कोल्हापूर, छोटा स्टुडिओ)

नमस्कार मंडळी,

राजारामपुरीत घराच्या वरच्या मजल्यावर छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवतो. काम कसलं येतं ते आधी सांगतो, नाहीतर सल्ला भलतीकडं जायचा. शिवजयंतीच्या आधी पोवाडे, गणपतीच्या आधी तालीम मंडळांची गाणी, वर्षभर भजनी मंडळं, आणि मधूनच निवडणूक लागली की प्रचाराची गाणी. (त्यांचे पैसे निकालाच्या आधी घ्यायचे.)

खोली दहा बाय बारा, उंची नऊ फूट. चार इनपुटचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा), एक मोठ्या डायफ्रामचा कंडेन्सर माइक, दोन एसएम५७ माइक, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि त्यात चालणारी प्लगइन. त्यात एलए-टू-ए आणि ११७६ या दोन्ही कंप्रेसरची (मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातला फरक कमी करणारी यंत्रं) प्लगइन रूपं, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या नकला, आहेत, विकत घेतलेली.

अडचण शाहिराच्या आवाजाची आहे. कथनाच्या ओळी तो बोलल्यासारख्या सांगतो, आणि झिलकऱ्यांनी 'जी जी रं जी' उचलायच्या आधी एकदम वरच्या सुरात जातो. मीटरवर बघितलं तर एकाच कडव्यात वीस डेसिबलचा फरक. प्लगइन जोरात लावलं की वरच्या जागी आवाजातली छाती निघून जाते, कुणी तोंडावर उशी दाबल्यासारखं ऐकू येतं. कमी लावलं तर खालच्या ओळी हलगी खाऊन टाकते.

आता मुंबईतला एकजण एलए-टू-एच्या धर्तीवरचा ट्यूब कंप्रेसर विकतोय. सेकंडहँड, ८५ हजार. मूळ कंपनीचा नवा घ्यायचा तर काही लाख, तो विषयच नाही.

माझा अभ्यास एवढा: १९६०च्या दशकात जिम लॉरेन्स यांनी मूळ एलए-टू-ए बनवला. आत येणारा आवाज एक छोटं प्रकाशपटल उजळवतो, त्याच्या समोरच्या फोटोरेझिस्टरचा रोध त्या उजेडाप्रमाणं बदलतो आणि त्यावरून आवाज कमी-जास्त होतो. उजेड गेला तरी तो रेझिस्टर लगेच मूळ पदावर येत नाही. पहिला अर्धा भाग साधारण ६० मिलिसेकंदांत सुटतो, उरलेला एक सेकंदापासून पंधरा सेकंदांपर्यंत, आधी किती वेळ आणि किती दाबलं होतं त्यावर. म्हणून माणसाच्या आवाजाला तो इतका मानवतो म्हणतात. पण हे सगळं प्लगइनवालेही मोजूनमापूनच उतरवतात ना? मग ८५ हजारांत मला नेमकं काय जास्त मिळणार?

शिवाय इथल्या पावसाळ्यात आणि इथल्या व्होल्टेजवर ट्यूबचं यंत्र टिकतं का, बिघडलं तर कुठं न्यायचं, तेही सांगा. आणि एक खाजगी कारण: दोन गल्ल्या सोडून नवा स्टुडिओ झालाय, तिथं रॅकभर दिवे लुकलुकतात. परवा एक शाहीर माझा लॅपटॉप बघून म्हणाला, "एवढंच व्हय?"

प्रतिसाद: फेडरखाली

कंप्रेसरच्या आधी सांगा, किती दाबताय? मीटरची सुई कुठवर जाते?

प्रतिसाद: धागाकर्ता

वरच्या जागी बारा ते पंधरा डेसिबल.

प्रतिसाद: फेडरखाली

मग लोखंडाचा आणा नाहीतर कोडचा, उशी दाबल्यासारखंच ऐकू येणार. वीस डेसिबलचा फरक एकट्या कंप्रेसरवर टाकणं म्हणजे दोन बैलांची मोट एका बैलाला ओढायला लावणं.

आधी हातानं काम करा. रेकॉर्ड झालेला टेक ओळी-ओळीनं कापा आणि प्रत्येक तुकड्याचा गेन वर-खाली करून फरक आठेक डेसिबलवर आणा. रीपरमध्ये आयटमच्या वरच्या कडेला धरून ओढलं की होतं. एका पोवाड्याला अर्धा-पाऊण तास जाईल, जाऊ द्या. मग ११७६ लावून फक्त टोकं छाटा, तीन डेसिबलच्या आत. तो एफईटी ट्रान्झिस्टरवर चालतो, २० मायक्रोसेकंदांत पकडतो. त्याच्यामागं एलए-टू-ए, तोही तीन-चारच डेसिबल. दोघांनी थोडं थोडं केलं की कुणी काही केलंय असं वाटत नाही.

रेकॉर्ड करतानाच दाबलं पाहिजे ही टेपच्या काळातली गरज होती. टेपचा खरखराट वर यायचा, म्हणून आवाज भरून घ्यावा लागायचा. २४ बिटचा हिशेब १४४ डेसिबलचा आहे. प्रत्यक्षात तेवढा मिळत नाही, तरी शाहिराला पुरून उरतो. सर्वांत मोठी आरोळी मीटरवर उणे दहा डेसिबलपर्यंत जाईल एवढाच गेन ठेवा आणि खालच्या ओळींची काळजी सोडा.

प्रतिसाद: ट्यूबलाइट_सांगली

वरच्यांचं तंत्र बरोबर आहे, पण सगळी गोष्ट मिक्सची नाही. माझ्याकडं असाच एक कंप्रेसर बरीच वर्षं आहे. त्याचा खरा उपयोग गाणारा गात असताना होतो. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज आटोपशीर, जवळचा ऐकू आला की माणूस उगाच ओरडत नाही. प्लगइनमधून तेच ऐकवायचं तर उशीर होतो. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी साठवून पुढं पाठवतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे २.७ मिलिसेकंद, तोही एका बाजूचा. येणं, जाणं आणि कन्व्हर्टर धरले की सात-आठवर जातं. काही गायकांना कळत नाही, काहींना आपलाच आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो.

दुसरं म्हणजे दोनच मुख्य नॉब. लावलं, रेकॉर्ड झालं, विषय संपला. प्लगइनमध्ये आपण रात्री दोनपर्यंत प्रीसेट बदलत बसतो.

आता खर्चाची बाजू, विकणारा सांगणार नाही ती. ट्यूब संपतात. १२एएक्स७ ही ट्यूब मिळते, बाकीच्या मागवाव्या लागतात. प्रकाशपटलाचा सेल म्हातारा होतो आणि दाबणं मंदावतं. पावसाळ्यात खोली बंद राहिली की नॉब फिरवताना खरखर येते. अर्थिंग नीट नसेल तर ५० हर्ट्झची घूं आणि तिच्या पटीतल्या घूं सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये. आणि सेकंडहँड बाहेरून आलेला असेल तर मागचा व्होल्टेजचा स्विच आधी बघा. ११५वर असलेला पेटारा आपल्या २३०वर लावला तर ८५ हजारांचा धूर.

शिवाय एकच चॅनल. मिक्समध्ये वापरायचा तर इंटरफेसला मोकळं लाइन आउट आणि मोकळा लाइन इन हवा, आणि प्रत्येक ट्रॅक पूर्ण वेळ वाजवून परत रेकॉर्ड करायचा. आठ झिलकऱ्यांना आठ वेळा. प्लगइनच्या मात्र आठ कॉप्या क्षणात होतात.

प्रतिसाद: कानसेन

भावा, वाद कशाला? तुमच्याच शाहिराची कच्ची फाइल त्या विकणाऱ्याला पाठवा. म्हणावं, एकदा चार डेसिबल दाबून आणि एकदा दहा दाबून रेकॉर्ड करून परत पाठव. खरा विकणारा असेल तर नाही म्हणणार नाही. मग तुमच्या प्लगइनचं तेवढंच दाबलेलं शेजारी ठेवा. एक अट: दोन्हींची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा. नाहीतर जे किंचित मोठं तेच कानाला 'गरम', 'भरदार' वाटतं. अर्धे हार्डवेअरभक्त तिथंच तयार होतात (अर्धे प्लगइनभक्तही).

दिव्यांचं म्हणाल तर जुना बंद अँप्लिफायर रॅकमध्ये बसवा आणि त्याला दोन एलईडी जोडा. गंमत नाही, एका स्टुडिओत बघितलंय.

प्रतिसाद: धागाकर्ता

माणूस खरा निघाला, दोन्ही फाइली पाठवल्या. पातळी जुळवून, नावं झाकून मी, माझा हलगीवाला आणि तो 'एवढंच व्हय' म्हणणारा शाहीर, तिघांनी ऐकल्या.

नुसता आवाज ऐकताना चार डेसिबलवर फरक कळतो. यंत्रातून आलेल्यात 'स' आणि 'श' जरा मऊ आहेत, आणि दोन ओळींमधला श्वास टोचत नाही. मला तेच आवडलं. पण हलगी आणि घुमकं आत घेतलं की तिघांचं एकमत होईना, आणि दुसऱ्यांदा ऐकताना हलगीवाल्यानं आधीचं उत्तर फिरवलं. दहा डेसिबलवर दोन्हीकडं उशीच. यंत्रावर जरा महागडी उशी.

फेडरखाली म्हणतात तसं ओळी कापून गेन जुळवला, त्यानं आतापर्यंत सर्वांत जास्त फरक पडला. खालच्या ओळी आता हलगीच्या वर उभ्या राहतात. पण वरच्या सुरातली छाती अजून पुरती परत आलेली नाही. ती कुठं जाते?

प्रतिसाद: भिंतीलाही_कान

शाहीर माइकपासून किती लांब उभा असतो, आणि खोलीत कुठं? वरच्या सुरात जागेवर राहतो का?

प्रतिसाद: धागाकर्ता

दीड-दोन फुटांवर, नाहीतर माइक फुटेल असा आवाज आहे. माइक बारा फुटांच्या लांबीत एका टोकाच्या भिंतीपासून तीन फुटांवर. जागेवर कसला राहतोय, वरचा सूर लावताना मान मागं टाकून पाऊलभर मागं जातो. मंचाची सवय.

प्रतिसाद: भिंतीलाही_कान

सापडली तुमची छाती. दोन गोष्टी एकदम होताहेत.

एक, असला माइक जवळून खर्ज वाढवून देतो. शाहीर मागं गेला की तो वाढीव खर्ज जातो, आणि नेमका तेव्हाच कंप्रेसर जोरात दाबत असतो.

दोन, तुमची खोली. १२ फुटांच्या लांबीत पहिली घुमणारी लहर ४७ हर्ट्झची, १० फुटांत ५६ची. त्यांच्या दुप्पट म्हणजे ९४ आणि ११३, थेट पुरुषाच्या आवाजाच्या तळात. १२ फुटांत भिंतीपासून ३ फूट म्हणजे बरोबर चौथा हिस्सा, आणि तिथं ९४ची लहर जवळजवळ नाहीशी होते. तुम्ही माइक मोजून त्याच जागी ठेवलाय! अगदी तोंडाजवळ माइक असता तर फारसं बिघडलं नसतं. दोन फुटांवर खोलीचा वाटा मोठा होतो.

वर कंप्रेसरचा स्वभाव असा की मोठं दाबतो आणि मग गेन दिला की बारीकसारीक वर येतं. त्या बारीकसारीकात तुमच्या उघड्या भिंती आहेत. दहा डेसिबल दाबलं की भिंती दहा डेसिबल जवळ येतात. तो डबा-डबा आवाज प्लगइनचा म्हणून तुम्ही इतके दिवस प्लगइनला शिव्या देताय.

माइक भिंतीपासून साडेचार फुटांवर आणा. जमिनीवर चिकटपट्टी लावा आणि शाहिराला सांगा, पाय इथून हलवायचा नाही, मान हवी तेवढी हलवा. त्याच्या पाठीमागं आणि दोन्ही बाजूंना रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) जाड पॅनल उभे करा. पातळ फोम नको, तो फक्त वरचे सूर खातो आणि खोली आणखी डबडबीत करतो. हे झाल्यावरही ट्यूबचं मन झालं तर खुशाल घ्या.

प्रतिसाद: ट्यूबलाइट_सांगली

मीही ट्यूबवाला असून हेच म्हणेन. आधी खोली.

प्रतिसाद: धागाकर्ता

माइक हलवला, पट्टी लावली. तेवढ्यानंच फरक पडला, शाहिराला न सांगता कळला. मुंबईवाल्याला तूर्त नको म्हणून कळवलं.

आता शेवटचं: रॉकवूल कोल्हापुरात कुठं मिळेल? कितीचं घ्यायचं?

प्रतिसाद: भिंतीलाही_कान

स्टुडिओचं सामान म्हणून शोधू नका, दर चढतो. उद्यमनगरात भट्ट्यांच्या इन्सुलेशनचं काम करणाऱ्यांकडं विचारा. घनमीटरला ४८ किलो घनतेचे स्लॅब, दोन इंची मिळाले तर दोन एकावर एक. लाकडी चौकट, वर जाड सुती कापड. कापड तोंडाला लावून फुंकायचं, हवा आरपार गेली तरच घ्यायचं. भिंतीला चिकटवू नका, मागं चार इंच पोकळी ठेवा, म्हणजे खालच्या सुरांवर जास्त लागू पडतं. कापताना हातमोजे आणि मास्क, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल.

प्रतिसाद: धागाकर्ता

उद्या सकाळी जातो. बारा स्लॅब रिक्षात बसतील का?

प्रतिसाद: कानसेन

स्लॅब बसतील, रिक्षावाला बसू देणार नाही. छोटा हत्ती सांगा.