इम्प्लांटपूर्वी व्हॅक्यूम पंपाला तीन महिने द्यावेत का?

कोथरूडचे गृहस्थ, वय ५८

मला सोळा वर्षांपासून मधुमेह आहे आणि चार वर्षांपासून ताठरता येत नाही. सिल्डेनाफिल या ताठरतेच्या गोळीचा पूर्ण डोस घेऊनही उपयोग होईना, तेव्हा युरॉलॉजिस्टनी इम्प्लांट सुचवले. ते मी नाकारत नाही. परंतु शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी व्हॅक्यूम पंप, म्हणजे लिंगावर सिलिंडर बसवून हवा काढून रक्त आत ओढणारे साधन, तीन महिने नेटाने वापरून पाहावा, असे माझे ठाम मत आहे. इम्प्लांट बसवताना लिंगातील स्पंजासारख्या दोन्ही पोकळ्या रुंद करून त्यांत दंड घातले जातात, आणि पुढे ते काढावे लागले तर गोळी किंवा इंजेक्शन सहसा कामी येत नाही. परतीचे दोर कापल्यासारखेच ते आहे. पंप नकोसा झाला तर कपाटात ठेवून देता येतो.

पहिले दोन आठवडे मला काहीच जमले नाही, कारण सिलिंडरच्या कडेने हवा आत शिरत होती. मग मुळाजवळचे केस बारीक कापले, कडेला पाण्यात विरघळणारी जेली लावली आणि दोन-तीनदा दाबून थोडे थांबायचे, अशी सवय केली. आत आलेले रक्त अडवून धरणारी रिंग मुळाशी चढवली की घड्याळ समोर ठेवतो. ३० मिनिटांच्या आत ती काढलीच पाहिजे. लांबी वाढवण्याच्या नावाखाली विकले जाणारे, दाब मर्यादित ठेवणारी झडप नसलेले स्वस्त पंप कृपया कोणीही घेऊ नयेत.

चिंचवड, वय ६४, इम्प्लांट बसवलेले

आपण सांगता ते तंत्र मला पाठ होते, तरीही मी दीड वर्ष वाया घालवले असे आज वाटते. रिंगेच्या पुढच्या भागात रक्त अडते, मागचा भाग मऊच राहतो, त्यामुळे लिंग मुळाशी डुगडुगते. शिवाय ते गार आणि निळसर पडते. माझ्या पत्नीने पहिल्यांदा हात लावला आणि दचकून मागे घेतला. तो क्षण मी विसरलेलो नाही. “आधी पंप, मगच शस्त्रक्रिया” या आग्रहामुळे माणूस थकतो आणि शेवटी दोन्हींचा नाद सोडतो. इम्प्लांटने लांबी वाढत नाही, हे मला आधीच सांगितले होते आणि ते खरेही आहे. पण सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली आणि घड्याळाकडे पाहणे संपले.

सदाशिव पेठ, व्यवसायाने परिचारिका

मी कोथरूडच्या गृहस्थांच्या बाजूची आहे, पण कारण वेगळे आहे. साखर आटोक्यात नसलेल्या रुग्णाच्या इम्प्लांटला जंतुसंसर्ग झाला तर बहुतेक वेळा ते सगळे काढावे लागते, आणि एचबीए१सी या रक्तचाचणीत साखरेचा साधारण तीन महिन्यांचा हिशेब दिसतो. म्हणजे ज्याची साखर चढलेली आहे, त्याला तेवढे थांबणे भागच आहे. या काळात काही सर्जन रिंग न लावता, दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे पंप वापरायला सांगतात. आखडलेल्या ऊती सैल व्हाव्यात आणि शस्त्रक्रियेत दंड घालणे सोपे जावे, हा त्यामागचा हेतू असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंपाला हात लावू नये, कारण त्वचेखाली रक्त साकळते.

चिंचवड, वय ६४

साखरेसाठी थांबणे मला मान्य आहे. माझा विरोध परीक्षा म्हणून पंप लादण्याला आहे. पत्नीला तो स्पर्श नको असेल, तर तीन महिने नव्हे, तीन आठवडेही पुरेसे आहेत.

कोथरूडचे गृहस्थ, वय ५८

माझ्या पत्नीची हरकत नाही हे मी गृहीत धरले होते, तिला स्पष्टपणे विचारले नव्हते, आता विचारीन. आपल्याला एक विचारायचे आहे. मधुमेहामुळे माझी बोटे बधिर झाली आहेत. फुगवता येणाऱ्या इम्प्लांटमध्ये अंडकोषाच्या पिशवीत बसवलेला पंप मला दाबता येईल का?

चिंचवड, वय ६४

पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून नमुना मागून घ्या आणि डोळे मिटून तो दाबून पाहा. सुरुवातीला मलाही दंडांतला द्रव परत सोडण्याची जागा बोटांना सापडत नसे. आपल्याला ती सापडली नाही, तर हाताने वाकवून सरळ करता येणाऱ्या साध्या दंडांविषयी विचारा. त्यांत दाबण्यासारखे काहीच नसते. पत्नीलाही सोबत न्या, कारण तो पंप तिलाही दाबता येतो.