अशील पळवणाऱ्या वकिलाला शिक्षा काय?

कुणीतरी लिहिलंय की अशील स्वतःकडे ओढणाऱ्या वकिलाला तुरुंगवास होतो. तसं नाही. ॲडव्होकेट्स ॲक्ट या वकिलांच्या कायद्यातल्या कलम ३५ नुसार बार कौन्सिल, म्हणजे वकिलांवर नियंत्रण ठेवणारी संस्था, त्याला समज देऊ शकते, निलंबित करू शकते किंवा सनद (वकिलीचा परवाना) काढून घेऊ शकते. तुरुंगवास आहे तो दलालाला, म्हणजे पैसे घेऊन वकिलाला अशील मिळवून देणाऱ्याला: याच कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनुसार, कोर्टाने केलेल्या दलालांच्या यादीत नाव असूनही दलाली केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ५०० रुपये! एका अशिलामागे दलाल त्याहून जास्त कमावत असेल. मुंबईत एस्प्लनेड कोर्टाच्या दारात पक्षकारांवर झडप घालणाऱ्या वकिलांचं प्रकरण १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. वकिली हा धंदा नाही, हे तेव्हाच बजावलं गेलं. घाबरलेल्या आरोपीच्या नातेवाइकांना मात्र आजही कोर्टाच्या फाटकातच गाठलं जातं.