मदत हवी आहे: मीटिंगमध्ये बोलणं मधेच तोडतात, त्या वेळी काय म्हणायचं?

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी क्वालिटीला आहे. नऊ वर्षं झाली. जूनपासून सेक्शन माझ्याकडे आहे. हाताखाली अकरा जण, त्यातले दोघे वयानं मोठे, पण त्यांच्याशी जमतं. अडतं ते सकाळी नऊच्या प्रॉडक्शन मीटिंगला.

मागच्या महिन्यात एका लॉटमध्ये ब्लोहोल (ओतकामात वायू अडकून राहिलेली छिद्रं) दिसले, म्हणून "हा लॉट होल्ड करूया" म्हटलं. प्रॉडक्शनवाले म्हणाले, "मॅडम, ते बघतो आम्ही," आणि पुढचं बोलणं थेट मॅनेजरसाहेबांशी. मी वहीवर पेन फिरवत बसले. लॉट गेला, कस्टमरकडून परत आला आणि जाब मलाच विचारला!

मुद्दे लिहून नेऊन झाले. आकडे आदल्या संध्याकाळी ग्रुपवर टाकून झाले. साहेबांशी एकटीनं बोलले, तर "जरा ठणकावून बोलत जा" एवढंच. आवाज चढवला की "मॅडम चिडल्या" होतं, त्यामुळे ते सुचवू नका. नोकरीही बदलायची नाही.

टोस्टमास्टर्समध्ये, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबांत, आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलायला लावतात, तसा सराव हवाय, पण मराठीत. राहते मिरजेला, सुट्टी फक्त रविवारी, पुण्याला जाणं जमणार नाही. सांगली-मिरजेत असं कुणी घेतं का?

आणि ज्या अशा खुर्चीत बसल्यात त्यांना खास विचारते: बोलणं तोडलं त्या क्षणी, न चिडता, तुम्ही नेमकं कोणतं वाक्य म्हणता?